पुसलेल्या काचेचा दिवा

दिवा लागलेला आहे की विझलेला, हे कोणीही सांगेल. तो बरोबर लागलेला आहे का, हे सांगायला मात्र पगारी माणूस ठेवावा लागतो. ऑरेगनच्या किनाऱ्यावर काही वर्षं तो पगारी माणूस म्हणजे तुमची आजी होती.

मागच्या महिन्यात इराने फोनवर विचारलं, "आजी, वॉट डिड यू ॲक्च्युअली डू ऑल डे?" मी म्हटलं, समुद्रावरचे दिवे मोजायचे. "लाइक, वन, टू, थ्री?" मागून निहार हसला. तुमच्या बाबानेही सावरून घेतलं नाही, कारण आई किनाऱ्यावर नक्की काय करत होती हे त्यालाही कधी नीट ठाऊक नव्हतं. दोष त्याचा नाही. मी सांगितलंच नव्हतं. म्हणून या दिवाळी अंकात लिहिते आहे. वाचायला जड गेलं तर बाबाकडून वाचून घ्या, म्हणजे त्याच्याही कानावर पडेल.

तुम्ही दोघं चँडलरला वाळवंटात वाढलात, तेव्हा अगदी सुरुवातीपासून सांगते. रस्त्यावर पांढरे-पिवळे पट्टे मारता येतात, पाण्यावर येत नाहीत. म्हणून दिवे लावतात. प्रत्येक दिवा बोटीवरच्या माणसाला एकच वाक्य सांगत असतो. ज्या दिव्याची ही हकीकत आहे तो किनाऱ्याजवळच्या एका सुळक्यावर होता आणि त्याचं वाक्य असं होतं: मी पांढरा दिसतो आहे तोवर खुशाल या, तांबडा दिसलो की तुम्ही खडकांकडे सरकला आहात, वळा. दिवा एकच, पण त्याच्या काचेच्या खोलीला एका बाजूने तांबडी काच लावलेली. त्या तांबड्या काचेतून दिवा दिसतो तेवढ्या पट्ट्यात पाण्याखाली खडकांची रांग आहे. पांढरा संपून तांबडा सुरू होतो ती रेघ जागेवर आहे का, आणि उजेड पुरेसा आहे का, हे तपासायचं. सरकारी खातं ते काम आमच्या कंपनीला देत असे आणि कंपनी मला.

कधी कधी दिव्यात काहीच दोष नसे. एका लहान बंदरात लोक तक्रार करत होते की हिरवा दिवा दिसत नाही. मी दोन दिवस मोजला, उत्तम होता. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की बरोबर मागच्या टेकडीवर नवीन मोटेल उघडलं आहे आणि त्याची पाटी हिरव्या नळ्यांची आहे. मालकाला भेटायला गेले. तो म्हणाला, "लोकांनी बघावी म्हणूनच तर लावली." मी म्हटलं, बघतात ना, बोटी घेऊन तुमच्या पार्किंगकडे येतात. त्याने पाटी निळी करून घेतली आणि माझ्या कॉफीचे पैसे घेतले नाहीत. अशा दिवशी मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटायचा.

मी पुण्याची एम.एस्सी., भौतिकशास्त्राची. लग्नानंतर अमेरिकेत आले आणि प्लेनोच्या कंपनीत, प्रयोगशाळेतल्या टेबलावर, वीस-बावीस वर्षं भिंगं आणि दिवे मोजले. २००३ मध्ये आजोबा गेले. तुमचा बाबा तेव्हा चँडलरला नोकरीला लागला होता. चार बेडरूमच्या घरात मी आणि डिशवॉशर. पुढच्या वर्षी कंपनीने विचारलं की ऑरेगनच्या किनाऱ्यावर राहून कोणी काम करील का. कोणी तयार होईना. मी हात वर केला. रिकाम्या घरापेक्षा रिकामा किनारा बरा, असा माझा हिशेब होता. तो किती बरोबर होता ते तिथे जाऊन पहिला हिवाळा काढल्यावर कळलं.

गाव लहान. एक पेट्रोल पंप, एक किराणा दुकान, दोन चर्च. तांदूळ आणि डाळी पोर्टलंडहून एकदम चार महिन्यांच्या आणायच्या. लोक चांगले होते, हात करायचे, हवेबद्दल बोलायचे, आणि हवेबद्दल बोलून झालं की निघून जायचे. आठवडाभर मराठी बोलायला माणूस म्हणजे केतकी. मूळची नागपूरची, प्लेनोच्या ऑफिसात व्हिसावर आलेली, माझ्या मोजमापांचे आकडे तपासून त्यांचे आलेख करणारी. आम्ही दोन वर्षांत एकदाही भेटलो नव्हतो. ती मला काकू म्हणायची, आणि कामाचा फोन संपताना न चुकता विचारायची, "काकू, आज जेवायला काय केलं?" त्या प्रश्नासाठी म्हणून मी काही तरी रांधत असे.

आता माझ्या पद्धतीबद्दल. पुण्याला आमच्या प्रयोगशाळेत सर टेबलावरची भिंगं उजेडात धरून बोटांचे ठसे शोधायचे. आधी पुसा, मग मोजा. धूळ मोजायला आलात की भिंग मोजायला, असं विचारायचे. ते माझ्या इतकं अंगात मुरलं होतं की किनाऱ्यावरच्या कामाची नियमावली मी लिहिली तेव्हा पहिलीच पायरी लिहिली: काच आतून-बाहेरून स्वच्छ करावी. व्हिनेगरचं पाणी, मग साधं पाणी, मग कोरडं फडकं. कंपनी पाठवायची ती फडकी धागे सोडायची, म्हणून मी माझ्या जुन्या सुती साड्यांचे तुकडे वापरायची. काच लख्ख झाली की बोटीत बसायचं आणि पाण्यावरून मोजायचं. बोट हलते आणि जिथे रंग बदलतो तिथेच खडक असल्यामुळे जवळ जाता येत नाही, म्हणून रेघेच्या दोन्ही बाजूंनी मोजून मधलं गणिताने काढायचं. इतर किनाऱ्यांवर हेच काम करणाऱ्या कंपनीतल्या तिघांनीही माझीच नियमावली उचलली. पहिल्या पानावर माझं नाव होतं.

२००६ च्या ऑक्टोबरमध्ये मी त्या सुळक्यावरच्या दिव्याची काच पुसली, दिवा मोजला आणि दाखला दिला: रंगाची रेघ जागेवर, उजेड पुरेसा.

डिसेंबरमध्ये रॉयची बोट त्या खडकांवर चढली.

रॉय साठीचा होता. हौशी लोकांना मासेमारीसाठी समुद्रात नेण्याचा त्याचा व्यवसाय. स्वतःची बोट, आणि माणसं नेण्याचा सरकारी परवाना. त्या दिवशी चार गिऱ्हाइकं घेऊन परत येत होता. डिसेंबरात तिकडे पाच वाजताच काळोख होतो. बोट खडकावर फुटली. दुसऱ्या बोटीने सगळ्यांना काढलं. एका गिऱ्हाइकाचं खुब्याचं हाड मोडलं. रॉयने चौकशीत सांगितलं की खडकावर आपटेपर्यंत आपल्याला दिवा पांढराच दिसत होता. तांबडा दिसलाच नाही.

चौकशी करणाऱ्यांनी माझा दाखला काढला. दोनच महिन्यांपूर्वीचा. त्यात दिवा उत्तम. म्हणजे रॉय एक तर बघत नव्हता, नाही तर खोटं बोलत होता. त्याचा परवाना थांबवला आणि पुढची सुनावणी मार्चमध्ये ठेवली. परवाना कायमचा गेला असता तर त्या वयात, त्या गावात, त्याला दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

गावात माझ्यासारखी दिसणारी मी एकटीच, त्यामुळे मी कोण हे विचारायची कोणाला गरज नव्हती. एक दिवस किराणा दुकानात रॉय माझ्यासमोर आला. मला वाटलं चिडेल. त्याने टोपी काढली.

"मॅम, तो कागद तुमचा ना?"

मी हो म्हटलं.

"तुम्ही खोटं लिहिलं असेल असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "पण मीही खोटं बोलत नाही. आता यातून काय काढायचं ते तुम्हीच सांगा."

मी सांगितलं की मोजमाप नियमाप्रमाणे झालं आहे. त्याने मान हलवली, टोपी घातली आणि दुधाच्या फ्रीजकडे गेला. त्यानंतर लोक हात करायचे, पण हवेबद्दल बोलायला थांबायचे नाहीत.

चौकशीवाल्यांनी दिवा पुन्हा मोजायला सांगितला. जानेवारीच्या लाटांत बोट त्या बाजूला नेणं अशक्य होतं. कंपनीकडे तेव्हा एक प्रयोग चालला होता, ज्याला तुम्ही आज ड्रोन म्हणता त्याचा पूर्वज: पेट्रोलवर चालणारं, रेडिओने उडवायचं एक हेलिकॉप्टर. लांबी माझ्या उंचीएवढी, आवाज गवत कापायच्या यंत्राचा. पोटाखाली एक पेटी, तिच्यात प्रकाश आणि रंग मोजणारं उपकरण आणि आपण कुठे आहोत ते दर सेकंदाला लिहून ठेवणारं दुसरं. खडकांवर जाता येत नाही तर खडकांवरून उडत मोजायचं, अशी कल्पना. परवानगीची कागदपत्रं हेलिकॉप्टरपेक्षा जड होती.

ते उडवायला वॉल्ट आला. आयुष्यभर शेतांवर विमानाने औषध फवारलं आणि गुडघे गेल्यावर खेळण्यातल्या विमानांचं दुकान काढलं, असा माणूस. मी डॉक्टर नाही हे दोनदा सांगूनही मला डॉक्टर म्हणायचा. पेटीचं तोंड सतत दिव्याकडे ठेवायचं असल्यामुळे हेलिकॉप्टर आडवं चालवावं लागे. "एवढी वर्षं विमान चालवलं," तो म्हणाला, "आता म्हातारपणी खेकडा चालवतोय."

पहिल्या उड्डाणाच्या दिवशी माझी अडचण झाली. सुळक्यावर जायच्या लहान पुलाच्या फळ्या डिसेंबरच्या वादळात वाहून गेल्या होत्या. वर जाऊन काच पुसता येईना. मला ते मुळीच पसंत नव्हतं. वॉल्ट म्हणाला की हवा आजच आहे, उद्या नाही. शेवटी मी वहीत नोंद केली, "काच पुसता आली नाही," खाली रेघ मारली, आणि आम्ही समोरच्या कड्यावरून उडवलं. खाली लाटा फुटत होत्या, वॉल्ट श्वास रोखून दोन कांड्या अंगठ्याने हलवत होता आणि हेलिकॉप्टर काळोखात आपले दोन बारीक दिवे घेऊन खडकांवरून सरकत होतं. दोन वर्षं जिथलं गणिताने काढत होते तिथे पहिल्यांदाच काही तरी जाऊन पोचलं होतं.

आकडे वाईट आले. रेघ अशी नव्हतीच. पांढरा हळूहळू फिका गुलाबी होत होता आणि खडकांच्या रांगेवर बराच आत गेल्यावर तांबडा म्हणण्यासारखा होत होता. मी लगेच ठरवलं की उपकरणच बिघडलं आहे. इंजिनाचा हादरा, वॉल्टचा अंगठा, काहीही. तीन आठवड्यांनी पूल दुरुस्त झाला. मी वर गेले, माझ्या सुती तुकड्यांनी सगळ्या काचा पुसल्या. तीन तुकडे राखाडी झाले. त्याच संध्याकाळी पुन्हा उडवलं. या वेळी रेघ सुरीने कापल्यासारखी, नकाशात आहे तिथेच. मी अहवाल लिहिला: दुसरं उड्डाण ग्राह्य, पहिलं बाद.

दुसऱ्या दिवशी केतकीचा फोन आला.

"काकू, पहिली फ्लाइट मी रिजेक्ट मार्क करते. रीझन काय टाकू?"

"उपकरण नवीन आहे. इंजिनाचा हादरा बसत असेल, असं टाक."

"ते चेक केलं मी. हादरा दोन्ही दिवशी सेम आहे." मग म्हणाली, "काकू, मधल्या काळात फक्त तुम्ही काच पुसलीत ना?"

"हो. मी नेहमीच पुसते."

"मग तो बोटवाला आला त्या दिवशी काच कोणी पुसली होती?"

मला राग आला. मी तिला सांगितलं की मोजमापाचे नियम मी तुझ्या जन्माआधीपासून पाळते आहे. ती "हो काकू" म्हणाली. वाद घालायचा नसला की ती लगेच हो काकू म्हणायची. त्या दिवशी जेवायला काय केलं हे तिने विचारलं नाही.

तुमच्या चँडलरला धुळीचं वादळ झालं की गाडीची काच बघा. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे त्या काचेवर पसरून सगळीकडे पांढरं होतं. समुद्राच्या फवाऱ्यातलं मीठ तेच करतं. दिव्याच्या काचेवर मीठ चढलं की बाजूच्या स्वच्छ काचेतला पांढरा उजेड पसरून तांबड्यात मिसळतो. ऑक्टोबरनंतर वादळं झाली होती आणि वर कोणी गेलं नव्हतं. रॉयने पाहिला तो मिठाचा दिवा होता. मी दाखला दिला होता तो पुसलेल्या काचेचा, जो मी पाठ फिरवल्यावर फार तर आठवडाभर टिकत असेल. आणि हे फक्त एका दिव्याचं नव्हतं. दोन-अडीच वर्षांत किनाऱ्यावरचा एकही दिवा लोकांना जसा दिसतो तसा मी मोजला नव्हता. प्रत्येक ठिकाणी आधी पुराव्यावरून फडकं फिरवलं होतं.

मी गप्प बसले असते तर कोणी विचारणार नव्हतं. अहवाल नियमाप्रमाणे होता आणि नियम माझाच होता. दोन दिवस मी दोन आलेख टेबलावर शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यासमोरच जेवले. शनिवारी तुमच्या बाबाला फोन केला. इरा, तू तेव्हा चार महिन्यांची होतीस आणि तुला ताप होता. मी औषध किती वाजता दिलं ते विचारलं, कपाळावर ओली घडी ठेवायला सांगितलं आणि फोन ठेवला. माझं सांगायचं राहूनच गेलं. आजोबा असते तर मी बोलायच्या आधीच त्यांनी माझ्या ताटाकडे बघून ओळखलं असतं.

वॉल्टला सांगितलं. तो हेलिकॉप्टर खोक्यात भरत होता. "डॉक्टर," तो म्हणाला, "मी फवारणीचं विमान धुऊन कधी उडवलं नाही. शेतकऱ्याला मळकंच विमान दिसायचं." पुढे काय करावं हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्याने थर्मासमधली अर्धी कॉफी मला दिली.

सोमवारी मी केतकीला फोन करून म्हटलं, पहिलं उड्डाण बाद करू नकोस. दोन्ही पाठव. आणि चौकशीवाल्यांना पत्र लिहिलं.

मार्चच्या सुनावणीत मी बोलले ते थोडक्यात एवढंच: मी मोजलेला दिवा आणि या गृहस्थांनी पाहिलेला दिवा एक नव्हता. मोजण्याआधी काच पुसण्याची पद्धत माझी आहे. त्यांचं सांगणं पहिल्या उड्डाणाच्या आकड्यांशी जुळतं. एकाने विचारलं, काच पुसून मोजल्यावर वापरातल्या दिव्याबद्दल काय कळतं, असं तुम्हाला कधी वाटलं नाही का? मी म्हटलं, नाही. रॉय खाली बघत होता.

निकाल असा लागला की रॉयनेही बोटीतल्या पडद्यावरचा नकाशा बघायला हवा होता, फक्त दिव्यावर अवलंबून राहायला नको होतं. पण त्याचं सांगणं खोटं नाही. उन्हाळ्यात परवाना परत मिळाला. बोट मात्र गेली होती, आणि त्या वयात नवीन बोट घ्यायची हिंमत त्याने केली नाही. तो दुसऱ्याच्या बोटीवर पगारी कप्तान झाला.

कंपनी मला रागावली नाही. नियमावली नव्याने लिहायला मात्र मलाच सांगितलं. दिवा आधी आहे तसा मोजावा, मग पुसावा, मग पुन्हा मोजावा, आणि दोन्ही आकडे द्यावेत. वर न चढता मोजणारं हेलिकॉप्टर असल्यामुळे ते जमलं. नाही तर वर गेल्यावर माझा हात फडक्याकडे गेल्याशिवाय राहिला नसता. काच किती दिवसांनी धुवायची हेही त्या आकड्यांवरून ठरू लागलं. त्या वर्षी मी वॉल्टबरोबर जुने अकरा दिवे पुन्हा मोजले. चार दाखले मागे घेतले. पहिल्या पानावरचं नाव मी काढायला सांगितलं होतं. कोणी तरी विसरलं, ते तसंच राहिलं.

पुढच्या डिसेंबरात रॉय माझ्या दारात आला. मालकाची बोट दुरुस्तीनंतर चालवून बघायला नेतो आहे, यायचं का, असं त्याने विचारलं. मी कोट घातला. बोटीवर आम्ही दोघंच. परतताना काळोख झाला आणि सुळक्यावरचा दिवा पुढे दिसायला लागला. तोवर मी तो असा, हातात वही नसताना, पाहिला नव्हता. रॉयने बोट मुद्दाम जरा खडकांच्या बाजूने घेतली आणि म्हणाला, "तांबडा दिसला की सांगा."

मी बघत राहिले. पांढरा, पांढरा. मग एकदम तांबडा, स्वच्छ. "आता," मी म्हटलं.

पण बोट त्याआधीच वळायला लागली होती. त्याची नजर खालच्या पडद्यावरच्या नकाशावर होती. दिव्याकडे त्याने मान वर करून पाहिलंही नव्हतं.

मी सांगितलं की दिवा बरोबर आहे, याच आठवड्यात मोजला आहे, न पुसता.

"असेल, मॅम," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मी पस्तीस वर्षं त्याच्याकडे बघून घरी येत होतो."

बोट धक्क्याला लागली. त्याने मला हात देऊन उतरवलं, पायरी ओली आहे, जपून, असं सांगितलं. मी गाडीत बसले, पण लगेच सुरू केली नाही. दिवा तिथूनही दिसत होता, पांढरा, आणि मी एकटीच त्याच्याकडे बघत होते.